पिच्चरात न दिसणारा माणूस

उमरबोडी, ता. सिंदेवाही
१२ जुलै २०२५

प्रफुल्ल,

जय भीम.

पाकिटावरचं अक्षर बघून तू दोनदा नाव वाचलं असशील. माझंच आहे. सव्वातीन वर्षांनी तुला लिहिते आहे. पत्ता तुमच्या ऑफिसातल्या बाबूंकडून घेतला. ते म्हणाले, कमलापूरच्या पुढं तुमच्या कॅम्पवर फोन लागत नाही, पत्र मात्र आठवड्याला एकदा जातं. फोन लागत असता तरी मी केला नसता, हेही खरंच. कागदावर माणूस मध्येच गप्प झाला तर समोरच्याला कळत नाही.

काम आहे म्हणून लिहिते. जिवतीहून माझी बदली झाली आणि गेल्या जूनपासून मी आपल्याच गावच्या शाळेत आहे. चौथीचा वर्ग आहे, बावीस पोरं. एका संस्थेनं शाळेला मोठा टीव्ही दिला, सोबत एक पेनड्राइव्ह. त्यात सगळे जंगलाचे आणि प्राण्यांचे माहितीपट. दर शनिवारी मुलांना एक दाखवायचा, त्यावर बोलायचं. हेडसरांनी ते काम माझ्याकडं दिलं. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरचाच माणूस जंगलखात्यात आहे. तुम्हाला सोपं जाईल." ते बाहेरगावचे आहेत. बाकीचं त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

पहिल्या शनिवारी मी पिच्चर लावून दिला आणि व्हरांड्यात जाऊन वह्या तपासत बसले. आफ्रिकेतल्या चित्त्याचा होता. आतून आवाज येत होते. जंगू नावाचा एक पोरगा आहे, पहाडाकडच्या टोलीवरचा. तो म्हणाला, "एवढं मोकळं रान. झाडच नाई. चितळानं लपाचं कुठी?" सगळे हसले. पण मग खरंच, लपायचं कुठं यावर त्यांची अर्धा तास चर्चा झाली. मी ऐकत होते. मला एकाही गोष्टीचं उत्तर देता आलं नसतं.

तुला येत असेल. मुलांचे चार प्रश्न लिहून पाठवते:
वाघाला झोपेत स्वप्न पडते का?
कॅमेरावाल्याला वाघ खात नाही का?
वाघिणीला पिल्लं मोजता येतात का?
पिच्चरात मोहा वेचणाऱ्या बाया का नसतात?

शेवटचा रिनाचा आहे. कलाबाईची नात. हो, त्याच कलाबाईची.

आईच्या वेळचं मी इथं काढत नाही. तूही काढू नको. फक्त मुलांची उत्तरं पाठव.

मंजुषा


१७ ऑगस्ट २०२५

प्रफुल्ल,

तुझं उत्तर मिळालं. कसल्या तरी छापील फॉर्मच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीनं. वर "मुलांनो" आणि खाली "प्रफुल्ल". मला एक अक्षर नाही. मीच तसं सांगितलं होतं, त्यामुळं तक्रार करत नाही.

मी ते वर्गात वाचून दाखवलं. तू लिहिलंस, "स्वप्नाचं मले माहीत नाई. पण झोपेत वाघीण पाय हलवते, ते मी पाह्यलं हाये." यावर एक एक जण स्वतःचे पाय हलवून बघू लागला.

"कॅमेरावाला गाडीत असते. गाडीतून उतरला तर त्याच्या पुढं एक वनमजूर चालते. तो पिच्चरात दिसत नाई." हे मुलांना फार आवडलं. वर्गाच्या फळ्यावर कोणीतरी ते वाक्य लिहून ठेवलंय. मी पुसलं नाही.

आणि पिल्लांचं. "मोजता येत नसंल. पण एक कमी असलं का ते परत जाते." हे वाचताना मी जरा थांबले होते. मुलांना वाटलं तुझं अक्षर लागत नाही.

रिनाच्या प्रश्नाला तू लिहिलंस, "हा प्रश्न मलेही पडते." तिनं दिवसभर सगळ्यांना सांगितलं, मोठ्या माणसालाही तिच्यासारखाच प्रश्न पडतो म्हणून.

पोरं तुला मामा म्हणू लागली आहेत. मॅडमचा भाऊ म्हणजे मामा, असा साधा हिशोब. शनिवारी आधी "मामाचं पत्र आलं का जी?" आणि मग टीव्हीकडं बघतात. एका माणसाच्या चार ओळींवर इतकी मुलं इतकी खूश होतात, हे मी बारा वर्षांच्या नोकरीत बघितलं नव्हतं. मला तुझा थोडा हेवा वाटला, आणि थोडं दुसरंही काही वाटलं, ते लिहीत नाही.

या खेपेचे प्रश्न वेगळ्या कागदावर आहेत. सतरा आहेत. जंगूला रानम्हशीबद्दल सगळं पाहिजे. तुझ्याकडं त्या आहेत हे त्याला हेडसरांनी सांगितलं. ती दूध काढू देत नाही म्हणून रानातच राहिली का, असं तो विचारतो.

मी अजून व्हरांड्यातच बसते.

मंजुषा


२८ सप्टेंबर २०२५

प्रफुल्ल,

काल वाघाचा पिच्चर लागला. आपल्याकडल्यासारखंच रान, साग आणि बांबू, उन्हाळ्याचे दिवस. आधी कळलं असतं तर मी तो वगळला असता. आवाज ऐकला आणि मी वह्या उचलून व्हरांड्याच्या पार टोकाला गेले.

थोड्या वेळानं रिना जोरात म्हणाली, "मॅडम, थांबवा जी. रिमोट तुमच्याजवळ हाये."

मला आत जावं लागलं. पडद्यावर वाघीण पाणवठ्यात अर्धी बुडून बसली होती. मी बटण दाबलं तशी ती थांबली, तोंड आमच्याकडं करून. साडेतीन वर्षांत मी वाघाचं चित्रसुद्धा बघितलं नव्हतं, हे तुला माहीत नसणार. पुस्तकातलं पान आलं की मी दोन पानं एकदम उलटते.

रिना वाघिणीकडं बघतच नव्हती. तिनं कोपऱ्यात बोट ठेवलं. "तो मांगचा माणूस कोण?"

खूप मागं, बांबूच्या बेटाजवळ, खाकी कपड्यातला एक माणूस उभा होता. हातात पाण्याचा पाइप. पिच्चरात माहिती सांगणारी बाई वाघिणीबद्दलच बोलत होती, त्या माणसाबद्दल एक शब्द नाही. मी म्हटलं, "वनरक्षक आहे. उन्हाळ्यात पाणवठा आटतो, तेव्हा हे लोक टँकर आणून भरतात. माझा भाऊ हेच काम करतो."

माझा भाऊ. शब्द तोंडातून गेला आणि मीच दचकले. पोरांना काही विशेष वाटलं नाही. त्यांनी मला पिच्चर पुढं नेऊ दिला नाही. दहा मिनिटं बावीस पोरं वाघीण सोडून त्या माणसाला बघत होती. बूट फाटका आहे. टोपी नाही. जंगू म्हणाला, "त्याच्यापाशी बंदूक नाई. काठीच हाये." मग माझ्याकडं वळून, "मामापाशीही काठीच रायते का जी?"

मी हो म्हटलं. तुझी ती काठी मी कितीदा दाराआडून बाजूला ठेवली आहे, केर काढताना. ती घेऊन तू कुठं जातोस याचा विचार कधी केला नव्हता.

मग मी आतच बसले. वाघिणीनं पिल्लू तोंडात धरून नाला ओलांडला तो भाग पूर्ण बघितला. मला वाटत होतं अंगाची आग होईल. तसं झालं नाही. ती दमलेली दिसत होती. तेवढंच मनात आलं, की ही दमली आहे.

तू त्या वेळी सगळ्या गावासमोर सांगत होतास, तिला दोन पिल्लं आहेत, तिला जाळू नका, पिंजरा येतोय. मला ते वाक्य विषासारखं लागलं होतं. काल ते मला पहिल्यांदा साधं ऐकू आलं.

मंजुषा


१६ नोव्हेंबर २०२५

प्रफुल्ल,

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला शनिवार काल झाला. मी तुझं रानम्हशीचं पत्र वाचत होते. तू ओढ्यात तीन तास न हलता उभा राहिलास, कारण कळपात नवं रेडकू होतं आणि तू हललास तर ते बिथरलं असतं, ते पत्र. पोरं पुढं सरकून ऐकत होती. संपल्यावर रिना उभी राहिली.

"मॅडम, एक विचारू? माही आजी म्हणते, मामा वाघ पायत राह्यला अन् गावाले सांगाले इसरला. म्हणून तुमची आई मेली. खरं हाये का जी?"

तिच्या आवाजात वाईटपणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, हा ओढ्यातला माणूस आणि तो विसरणारा माणूस एकच कसा.

मी म्हटलं, घंटा झाली, घरी जा. घंटा झाली नव्हती. पोरं गुपचूप दप्तरं उचलून गेली, आणि मी रिकाम्या वर्गात बसून राहिले.

तू आईचं काढू नको असं मी पहिल्याच पत्रात लिहिलं. तू काढशील याची भीती मला नव्हतीच. तू कधीच काढलं नाहीस. भीती मला माझी होती. आता लिहिते.

तेव्हा मी जयंतीसाठी जिवतीहून घरी आले होते. बारा एप्रिलला संध्याकाळी मी समाजमंदिरात पोरींचं गाणं बसवत होते. तुझा फोन आला. मागं वारा होता, तू धापा टाकत होतास. तू मला नेहमी म्हणायचास तसं म्हणालास, "बाई, वाघीण पिल्लं घेऊन नाल्याकडं सरकली हाये. आईले उद्या मोहा वेचाले जाऊ देऊ नको. अन् हरिदासभाऊले सांग, आजच दवंडी द्या." हरिदासभाऊ म्हणजे आपले पोलीस पाटील, घर समाजमंदिराच्या समोर. वीस पावलं. मी म्हटलं, सांगते. पोरी पुन्हा चुकल्या, पेटीवाला निघून चालला होता, मी त्याला थांबवायला गेले. मग बॅनर आला, त्यावर तारीख चुकली होती. घरी गेले तेव्हा आई झोपलेली होती. सकाळी मी उठले तेव्हा तिची टोपली जाग्यावर नव्हती.

मी विसरले, प्रफुल्ल. तू नाही.

नाल्याजवळ सगळं गाव जमलं होतं, तुमच्या लोकांना घेराव घालून. कलाबाई ओरडत होती, सांगितलं काऊन नाई. आई आणि ती रोज सोबत मोहा वेचायच्या, त्या दिवशी तिला ताप होता म्हणून ती राहिली. हरिदासभाऊ म्हणाले, मला कोणाचा निरोप नाही. तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस. एकदाच. मी पुढं होऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "तुले वाघ मोठा का आई? आजपासून मले भाऊ नाई."

तू मान खाली घातलीस. चौकशीत सांगितलंस, गावाला सूचना दिली नव्हती. तुझी बदली झाली, आणि मी जिवतीला परत जाऊन मुलांना पाढे शिकवू लागले. आधी वाटायचं, थोडे दिवस जाऊ देत, मग सांगू. मग वाटू लागलं, आता सांगून काय.

आता एका नऊ वर्षांच्या पोरीनं विचारलं आहे आणि मी खोटी घंटा वाजवली आहे.

बाई


७ डिसेंबर २०२५

प्रफुल्ल,

तुझं उत्तर यायच्या आत हे लिहिते. तू थांब म्हणशील म्हणून वाट बघितली नाही.

एकोणतीस तारखेच्या शनिवारी मी पालकांना शाळेत बोलावलं. मुलं काय बघतात ते तुम्हीही बघा, असं म्हटलं. तीसेक माणसं आली. कलाबाई सगळ्यात पुढं, रिनाला मांडीवर घेऊन. तोच वाघिणीचा पिच्चर मी मुद्दाम लावला.

बायका आधी तोंडाला पदर लावून बघत होत्या. मग कलाबाई बोलू लागली. वाघिणीची शिकार हुकली तेव्हा म्हणाली, "गेली ना. आता पिल्लाईले काय घालंल." आणि पुढं, स्वतःशीच, "एकटीच हाये बिचारी. ना नवरा ना सासू." कलाबाईचा नवरा ऐन जवानीत गेला, चार लेकरं तिनं रोवणी-कापणी करून वाढवली, हे तुला माहीतच आहे. त्या बाईची जिवाभावाची मैत्रीण वाघिणीनं नेली. तरी ती तसं म्हणू शकली. मी तिच्याकडं बघतच राहिले.

पोरांनी ते मागचं चित्र थांबवून आईबापांना खाकीतला माणूस दाखवला. हाच खरा पाणी भरते, असं सगळे एकदम सांगत होते.

मग मी उभी राहिले. तुला लिहिलं तेच सांगितलं. फोन, दवंडी, वीस पावलं, पेटीवाला, बॅनर. टेबल धरून बोलले. शेवटी रिनाला म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, खरं आहे का. खरं नाही. मामा विसरला नाही. मी विसरले."

हरिदासभाऊ खाली बघत होते. कलाबाईनं रिनाला मांडीवरून उठवलं, हात धरला आणि निघून गेली. मागोमाग बरेच जण.

सोमवारी वर्गात बावीसपैकी तेरा पोरं आली. मंगळवारी अकरा. रस्त्यानं जाताना बायका बोलायच्या थांबायच्या. हेडसर म्हणाले, मॅडम, हे शाळेत सांगायची गरज नव्हती. मला वाटतं होती. जिथं प्रश्न विचारला तिथंच उत्तर द्यायला हवं होतं. पण हे म्हणणं सोपं आहे, त्या अकरा रिकाम्या जागा बघणं सोपं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी शाळा उघडायच्या आधी कलाबाई पायरीवर बसलेली. रिना सोबत, दप्तरासकट. मी समोर जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "तुनं पोटात ठेवलं अन् त्यानं डोक्शावर घेतलं. मी त्याले त्या दिवशी माती फेकून मारली होती. त्यानं डोळे पुसले अन् माह्या पायाले हात लावला." मग रिनाकडं बघून म्हणाली, "तुहा मले राग हाये. जाईल तेव्हा जाईल. पोरीची शाळा काऊन बुडवू?"

आणि उठताना म्हणाली, "एका माणसाच्या ध्यानावर गावाचा जीव ठेवाचा नाई आता. त्याचं काहीतरी कर. तू मास्तरीण हायेस."

बाई


२२ मार्च २०२६

प्रिय प्रफुल्ल,

तुझं डिसेंबरातलं पत्र माझ्या उशाशी आहे. पहिल्यांदा तू "मुलांनो" न लिहिता "बाई" लिहिलंस. तू लिहिलंस की चौकशीत तू खोटं बोलला नाहीस. हरिदासभाऊंना निरोप देणं तुझं काम होतं, आणि मागावर असताना तू तो एकच फोन केलास, आपल्या घरी. "म्या आपल्या आईचा विचार पह्यले केला, गावाचा मांगून. ते चूकच होती. ते माही हाये, तुही तुह्यापाशी ठेव." मी हे अनेकदा वाचलं. तू मला सोडवायलाही तयार आहेस आणि माझ्या वाट्याचं माझ्याजवळ ठेवायलाही. इतका सरळ माणूस आपल्या घरात वाढला आणि मला तो बावीस पोरांनी दाखवावा लागला.

आता कलाबाईचं काम. ते मी नाही, पोरांनीच केलं. गावाच्या पाच गल्ल्या, प्रत्येक गल्लीला दोन पोरं, सोबत घरचं एक मोठं माणूस. वनरक्षकाचा निरोप हरिदासभाऊंकडं आला की ते शाळेत किंवा माझ्या घरी कळवतात आणि पोरं उजेड असतानाच घरोघर जातात. दवंडी आहेच, पण ही वेगळी रीत. निरोप ऐकून चालत नाही. ऐकणाऱ्यानं तो परत बोलून दाखवायचा. ही अट रिनाची. "मॅडमनंही सांगते म्हटलं होतं," असं ती मला समोर बसवून म्हणाली. मी हो म्हटलं.

लोक आधी हसले. जंगूच्या बापानं दार लावून घेतलं, तर जंगू दारातच बसून राहिला, तो बोलेपर्यंत.

गेल्या बुधवारी पाचच्या सुमाराला निरोप आला. मोठा नर, नाल्याच्या अलीकडं, दोन दिवस कोणी जाऊ नये. मोहा नुकताच पडायला लागलाय, बायांची टोपल्यांची तयारी झालेली. पोरं निघाली. मी रिनाच्या मागं होते, कारण आमच्या गल्लीचं मोठं माणूस मीच. कलाबाईनं मुद्दाम ऐकू येत नाही असं केलं. रिनानं तिसऱ्यांदा सांगितलं. मग कलाबाई म्हणाली, "नाल्यापाशी वाघ हाये. दोन दिवस जाणार नाई. मी, कलाबाई." आणि माझ्याकडं बघून, "तू बी बोल." मी बोलले. आमच्या घरात आता मी एकटीच असते, तरी उंबऱ्यावर उभी राहून बोलले.

शुक्रवारी तुमचे लोक नाल्यावर जाऊन आले. आपल्या मोहाच्या झाडाखाली, जिथं आई गेली तिथं, पंजे होते. गुरुवारच्या पहाटेचे, असं वनरक्षक म्हणाला. त्या पहाटे तिथं अकरा बाया जाणार होत्या. कोणी गेलं नाही. सगळ्या जणी आज आपापल्या दारात तांदूळ निवडत बसलेल्या मी येता येता बघितल्या. एकीनं मला हाक मारून पाणी दिलं.

हे तुला कागदावर सांगून माझं भागत नाही. तीन एप्रिलपासून जोडून सुट्ट्या आहेत, त्या दिवशीच निघते. पोरांनी पत्रं लिहून दिली आहेत, एकवीस. जंगूनं लिहिलं नाही, त्यानं रानम्हैस काढली आहे, रेडकासकट. कलाबाईनं काय दिलंय ते तिनं सांगू नको म्हटलं. तू स्वतः उघड.

मूलहून आलापल्लीला गाडी आहे, दुपारी दोनपर्यंत पोचते म्हणतात. तू स्टँडवर ये. तुला सुटायला उशीर झाला तर मी बसून राहीन, घाई नाही. गर्दी असेल आणि इतक्या वर्षांनी तू जरा बावरशील, म्हणून आधीच सांगते. तू कुठंही उभा असलास तरी हात मी आधी करीन.

तुझी,
बाई